सिंहेचा गुरू आणि जवारीचा दोरा

२०१५ च्या श्रावण-भाद्रपदात नाशिकला रामकुंडावर आणि त्र्यंबकला कुशावर्तावर सिंहस्थाची स्नानं झाली. पुढच्याच फेब्रुवारीत, २२ तारखेला, तिथून हजाराहून अधिक किलोमीटर दूर, कावेरीकाठच्या कुंभकोणमला महामहम तलावाच्या पायऱ्यांवर लाखोंची गर्दी उतरली. दोन्हीकडे बोलावणं एकाचंच होतं. गुरू सिंह राशीत आला होता. सिंहस्थात लग्नं करू नयेत, एवढ्यापुरताच हा गुरू आपल्याकडे घरोघरी माहीत असतो. तोच गुरू तमिळ मुलुखातल्या एका गावाचं घड्याळ चालवतो, हे मला कुंभकोणमला जाईपर्यंत ठाऊक नव्हतं.

मी गेले होते ते वेगळ्याच कामासाठी. विजेवर चालणारं, जवळजवळ न हलणारं, तासन्‌तास एकाच स्वराभोवती घुटमळणारं संगीत गेली अनेक वर्षं मी ऐकते आहे. त्याला 'अँबियंट' म्हणतात. आसमंताचं संगीत म्हणू या. त्यात वेळ कुठे जाते, हा माझा प्रश्न. उत्तराचा एक धागा नादस्वरमच्या, म्हणजे दक्षिणेतल्या लांब सनईच्या, गावांत सापडेल असं वाटत होतं. तो सापडला, पण महामहम तलावाला वळसा घालून.

मघा नक्षत्र, माघातली (तमिळ सौर पंचांगातल्या माशी महिन्यातली) पौर्णिमा आणि सिंहेचा गुरू. हे तिन्ही जुळलं की महामहम. म्हणजे एकाच वेळी तीन चाकं फिरताहेत. चंद्राच्या पौर्णिमेचं चाक साडेएकोणतीस दिवसांचं, सूर्याचं तीनशे सव्वापासष्ट दिवसांचं आणि गुरूचं ११.८६ वर्षांचं. एकाही चाकाचे दाते दुसऱ्यात नेमके बसत नाहीत. आपण बारा वर्षं म्हणतो, पण बारा वर्षांत गुरू एक फेरी पुरी करून सुमारे चार अंश पुढे गेलेला असतो. सात महामहम झाले की हे चार-चार अंश साचून जवळपास एक अख्खी रास होते, आणि मग केव्हातरी बाराऐवजी अकराव्या वर्षीच पर्व धरावं लागतं. हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर २०२१ मध्ये झाला, तो याच हिशोबाने.

हा हिशोब मी वहीवर मांडून पाहिला. ११.८६ चा पूर्णांक ११. उरलेल्या अपूर्णांकाला उलटं करायचं, त्याचा पूर्णांक काढायचा, पुन्हा उरलेल्याला उलटं करायचं. अशी अपूर्णांकाच्या पोटात अपूर्णांकांची शिडी लावत गेलं की पायरीपायरीने जवळची उत्तरं मिळतात: आधी ११, मग १२, मग ८३ भागिले ७. म्हणजे ८३ वर्षांत गुरूच्या जवळपास बरोबर सात फेऱ्या. बाराचा नियम, अकराचा अपवाद आणि त्र्याऐंशी वर्षांनी होणारी जुळणी, तिन्ही एकाच शिडीवर उभी आहेत. या शिडीचा आधुनिक काळातला सर्वांत मोठा जाणकार याच गावात वाढला. सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरच्या छोट्या घराच्या खिडकीशी बसून श्रीनिवास रामानुजन पाटीवर गणितं करत. १९१३ च्या जानेवारीत त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना जे पत्र लिहिलं, त्यात अशा अनंत शिड्यांची काही सूत्रं होती आणि हार्डींना तीच सिद्ध करता आली नाहीत. रामानुजन यांनी गुरूचा हिशोब केला असं मी म्हणत नाही. पण बारा वर्षांनी सारं गाव ज्या आकड्याभोवती जमतं, त्याचं मर्म ज्या गणितात आहे ते तिथून चालत काही मिनिटांवर फुललं, हे मनातून जात नाही.

आता त्या संगीताकडे येते. १९७५ च्या जानेवारीत ब्रायन एनो नावाचा तरुण इंग्रज संगीतकार लंडनमध्ये टॅक्सीच्या धडकेने जखमी होऊन घरी पडून होता. मैत्रिणीने हार्पची एक तबकडी आणून दिली. ती लावून तो अंथरुणावर पडला, तेव्हा लक्षात आलं की आवाज फारच बारीक आहे. उठण्याची ताकद नव्हती. बाहेर पाऊस पडत होता. पावसाच्या आवाजातून मधूनच एखादा स्वर वर यायचा आणि पुन्हा बुडायचा. त्या दुपारी त्याला संगीत ऐकण्याची निराळी रीत सापडली. त्याचा 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' १९७८ मध्ये आला. सोबतच्या टिपणात त्याने या प्रकाराला नाव दिलं आणि सांगितलं, की हे संगीत लक्ष देऊन ऐकता आलं पाहिजे आणि दुर्लक्ष केलं तरी चाललं पाहिजे.

त्यातल्या दुसऱ्या रचनेची घडण मला थेट महामहमसारखी वाटते. गळ्यातून काढलेला एकेक लांब स्वर ध्वनिफितीवर घेऊन त्या फितीची माळ केली. माळा इतक्या लांब होत्या की स्टुडिओतल्या खुर्च्यांच्या पायांभोवतून त्या फिरवाव्या लागल्या. एक माळ साडेतेवीस सेकंदांनी परत यायची, दुसरी पंचवीस पूर्णांक सात अष्टमांश सेकंदांनी, तिसरी एकोणतीस पूर्णांक पंधरा सोळांश सेकंदांनी. फिती सुरू करून दिल्या, पुढचं त्यांच्यावर सोडलं. स्वर तेच, पण कोण कोणाला कुठे भेटेल हे दर फेरीला वेगळं. या तीन माळा पुन्हा जिथून निघाल्या तिथे एकत्र यायला किती वेळ लागेल, याचा मी लसावि काढला. जवळजवळ सत्तावीस दिवस! तबकडीवर ती रचना दहा मिनिटांचीही नाही. चंद्राला सत्तावीस नक्षत्रं ओलांडायला साधारण तेवढाच वेळ लागतो. हा निव्वळ योगायोग, त्यात काही अर्थ शोधू नये. मला मात्र आकडा पाहून आनंद झाला, तो लपवत नाही.

तेच येतं आणि तसंच येत नाही. या वाक्यापाशी मी बराच काळ अडले आहे. वेळ पुढे जाणारी रेष की फिरणारं चाक, असा वाद आपण ऐकतो. पश्चिमेला रेष आणि आपल्याला चाक वाटून देण्याची सवयही आपल्याला लागली आहे. कुंभकोणमच्या पंचांगात यांपैकी काहीच नाही. तिथे अनेक चाकं आहेत आणि ती एकमेकांशी जरा जरा चुकतात. त्या चुकण्यातून वेळ पुढे सरकते. अधिक महिना हा त्याच चुकीचा भरणा. प्रयोगशाळेतही निराळं घडत नाही. १९६७ पासून सेकंद म्हणजे सीझियम अणूची ९,१९,२६,३१,७७० आंदोलनं. अणू चुकत नाही, पृथ्वी मात्र रेंगाळते, म्हणून १९७२ पासून जगाच्या घड्याळात सत्तावीस वेळा एकेक सेकंद वाढवावा लागला. अधिक महिन्याचाच हा धाकटा भाऊ.

ऐकणाऱ्याच्या आतल्या वेळेचं काय? विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये लिहून ठेवलं, की आपला वर्तमानकाळ सुरीच्या धारेसारखा नसतो, त्याला रुंदी असते. पुढे जर्मन मानसशास्त्रज्ञ अर्न्स्ट पॉपेल यांनी ती रुंदी सुमारे तीन सेकंद सांगितली. कवितेची ओळ, हस्तांदोलन, बोलताना घेतलेली झेप, सगळं साधारण या मापात बसतं. दुसरी सीमा खालच्या बाजूला आहे. सेकंदाला दहा-बारा टिचक्या वाजवल्या तर त्या सुट्या ऐकू येतात. विसाच्या पुढे गेल्या की टिचक्या संपतात आणि स्वर सुरू होतो. म्हणजे लय आणि स्वर ही एकाच वस्तूची दोन नावं, मध्ये फक्त आपल्या कानाची वेस. कार्लहाइन्झ स्टॉकहाउझन या जर्मन संगीतकाराने १९५७ मध्ये वेळ कशी जाते यावर एक मोठा निबंध लिहिला, तो या वेशीवर उभा राहूनच. षड्ज म्हणजे अतिशय वेगाने फिरणारं घड्याळच. काळी एकचा षड्ज सेकंदाला सुमारे १३८ ठोके देतो.

तंबोरा ही वेस रोज ओलांडतो. जोडाच्या दोन तारा घ्या. एक १३८ वर आहे आणि दुसरी १३८.२ वर. कानाला दोन्ही एकच वाटतात, पण दर पाच सेकंदांनी एक हलकी लाट येते आणि जाते. ज्या दोन चाकांत अगदी थोडं चुकतं, ती चूक लाट होऊन ऐकू येते. चंद्र-सूर्य-गुरूच्या बाबतीत याच लाटेला आपण पर्व म्हणतो. लहानपणी गाणं शिकायला जायचे तिथे पहिली पंधरा मिनिटं तंबोरा लावण्यातच जायची आणि आम्हा मुलांना ती वाया गेलेली वाटायची. आता वाटतं, त्या पंधरा मिनिटांत शिकवलं जात होतं ते पुढच्या तासाभरात क्वचितच शिकवलं गेलं असेल.

आणि जवारी! घोडीच्या रुंद, किंचित बाकदार पाठीवर तार टेकते आणि तिच्याखाली सुताचा बारीक दोरा असतो. तो केसभर पुढेमागे सरकवला की आतापर्यंत मुकी असलेली तार एकदम उघडते. तार थरथरताना घोडीच्या पाठीवर तिचं टेकणं सतत बदलतं, म्हणून एकाच झंकारात वरचे सूक्ष्म स्वर एकामागून एक उजळत खाली येतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी कलकत्त्यात याचा अभ्यास करून १९२१ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असतो तो उपस्वर ऐकूच यायला नको, असा पाश्चात्त्य भौतिकीचा जुना नियम होता. तंबोरा आणि वीणा तो नियम मोडतात, हे त्यांनी दाखवलं. नियम मोडला तो घोडीच्या त्या बाकाने.

तंबोरा हे वाद्य दोन मुलुखांत दोन देहांत जन्मतं. आपल्या मिरजेत शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकापासून ते घडवलं, भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तंजावरचा तंबुरा भोपळ्याचा नसतो, फणसाच्या लाकडाचा असतो. या दोन मुलुखांमध्ये ये-जा करणारा एक मोठा माणूस होऊन गेला. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थिरावले, दक्षिणेत वारंवार गायले, कर्नाटक संगीतातून सरगम उचलून आणली. १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमाळ कोईल स्टेशनावर त्यांनी देह ठेवला. त्याच घराण्याच्या अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य पंडित प्राणनाथ १९७० मध्ये न्यूयॉर्कला गेले. ला माँट यंग आणि टेरी रायली हे अमेरिकन संगीतकार त्यांचे गंडाबंध शागीर्द झाले. यंगची अचल स्वरांची कामं एनो विद्यार्थिदशेपासून जाणत होता, वाजवतही होता. म्हणून आसमंताचं संगीत पश्चिमेतून आलं म्हणताना थोडं थांबावं. ते इथून गेलं, असंही मात्र मी म्हणणार नाही. यंग प्राणनाथांना भेटण्याच्या कितीतरी आधीपासून, लहानपणी ऐकलेल्या विजेच्या तारांच्या गुणगुणण्याने झपाटलेला होता. दोन प्रवाह भेटले, इतकंच.

कुंभकोणमहून मायिलाडुतुरैच्या वाटेवर नरसिंगमपेट्टै लागतं. नादस्वरम घडवणाऱ्यांचं हे गाव. त्यांच्या वाद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. लाकूड आच्चा, म्हणजे आपल्याकडचा अंजन. ताजं कापलेलं चालत नाही. पडलेल्या जुन्या घरांच्या तुळया-खांब आणतात, पाऊण-एक शतक वाळलेले. पत्ती कावेरीकाठच्या गवताची, तीही मुरवलेली. जवळच तिरुवावडुदुरै आहे, थोर नादस्वरमवादक टी. एन. राजरत्नम पिळ्ळै यांचं. त्यांचा तोडी तासन्‌तास चालायचा. त्यांच्यासाठी नरसिंगमपेट्टैच्या रंगनाथन आचारींनी लांब, खालच्या पट्टीचं 'पारी' नादस्वरम सिद्ध केलं.

देवळात नादस्वरम हे खरोखरीचं घड्याळ होतं. पहाटे भूपाळम, मग बिलहरी, रात्री देव शेजघरात गेले की नीलांबरी. आपल्या काकड्यापासून शेजारतीपर्यंतच्या क्रमासारखंच. पूर्वी तमिळ दिवसही साठ नाळिगैंचा, म्हणजे आपल्या साठ घटकांचा. ज्या माणसाकडे घड्याळ नाही त्याला वाऱ्यावरून आलेला राग प्रहर सांगे.

या ताफ्यात एक माणूस असे, ज्याच्याकडे कोणी पाहत नसे. तो ओत्तु वाजवायचा. ओत्तु दिसायला नादस्वरमसारखाच, पण बोटांची भोकं नाहीत. एकच स्वर. मिरवणूक चार तास चालली तर चार तास तोच स्वर, गालात हवा साठवून नाकाने श्वास घेत, मध्ये खंड न पाडता. राजरत्नम पिळ्ळै यांनी स्वतःसाठी ओत्तुऐवजी तंबुरा घेतला. नंतर श्रुती-पेटी आली. बंगळुरूचे अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तंबुरा बनवला. हातात मावणारी ही श्रुती-पेटी दहा-पंधरा वर्षांत देशभर पोचली, आणि आता ती फोनमध्येच असते. ओत्तुवाला उठून गेला.

पेटीने उपकारही खूप केले. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, साथीला कोणी नसलेल्या विद्यार्थ्याला तिने षड्ज दिला. माझा रियाज अनेक वर्षं तिच्यावरच झाला. पण पेटीतला झंकार दर फेरीला तोच असतो. कोणीतरी एकदा छेडलेल्या चार तारा साठवून ठेवलेल्या, त्या परत परत येतात. हाताने छेडलेल्या तंबोऱ्यात बोट दमतं, पंचम उतरतो, पावसाळी हवेत जवारी बंद होते, वाजवणारी मुलगी गायकाचा श्वास ऐकून जरा थांबते. ओत्तुवाल्याच्या स्वरात त्याच्या छातीची चढउतार असायची. एनो काय करत होता? यंत्रांना तो चुकायला लावत होता. फितींच्या लांबी मुद्दाम विजोड ठेवून ज्या सरकण्याला त्याने इतक्या परिश्रमाने आत आणलं, तेच सरकणं आपण सोय म्हणून पेटीबाहेर काढून टाकलं. विजेचं यंत्र आलं याचं मला दुःख नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्येच मूग सिंथेसायझर आला होता आणि गीता साराभाई, अतुल देसाई यांनी त्यावर केलेले प्रयोग आजही ताजे वाटतात. दुःख हे आहे, की यंत्राकडून आपण सर्वांत कमी मागितलं. दोन जोडांत हजारातला एखादा हिस्सा फरक ठेव, तो हळूहळू बदलू दे, झंकाराचं अंतर श्वासागणिक हलू दे, एवढं आज फोनलाही जमेल.

एनो पुढे ज्या कामात गुंतला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९६ मध्ये काही मंडळींनी दहा हजार वर्षं चालेल असं घड्याळ बांधायचं ठरवलं. टेक्सासच्या एका डोंगरात ते उभं राहतं आहे. त्याच्या घंटा रोज वाजाव्यात, पण क्रम कधीच पुन्हा येऊ नये. दहा घंटा किती क्रमांनी वाजवता येतील? ३६,२८,८००. रोज एक क्रम धरला तर ९,९३५ वर्षं. दहा घंटा आणि दहा हजार वर्षं, इतकं जवळ.

कुंभकोणमची स्वतःची गोष्ट याहून लांबची. प्रलयात सगळं बुडण्याआधी ब्रह्मदेवाने सृष्टीचं बीज अमृतासह एका कुंभात ठेवलं, कुंभ पाण्यावर तरंगत आला, शिवाने किराताच्या रूपात बाण मारून तो फोडला, आणि अमृत सांडलं तिथे हे गाव. आदिकुंभेश्वराचं देऊळ त्या कुंभाचं. महामहम तलावाकाठचे सोळा मंडप नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षितर यांनी बांधले असं मानतात. त्यांचेच चिरंजीव व्यंकटमखी. बहात्तर मेळांचा तक्ता मांडणारे. बारा स्वरस्थानांतून नियमाने किती चौकटी निघतात, हे त्यांनी मोजून ठेवलं. यांतल्या बहुतेक मेळांतले राग तेव्हा कोणी गातही नव्हतं. या मातीत मोजण्याची आणि गाण्याची हौस एकाच घरात नांदलेली दिसते.

आणि या घरात मराठी परकी नाही. व्यंकोजी राजांपासून १८५५ पर्यंत तंजावर भोसल्यांचं होतं. त्रावणकोर, इंदूर, बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणमच्या मराठी घरात जन्मले. गावाजवळच्या मरुदानल्लूरच्या सद्गुरू स्वामींनी दक्षिणेच्या भजनपद्धतीत मराठी अभंग गुंफले आणि ते अजून गायले जातात. गोविंदपुरमला तर विठ्ठल-रखुमाईचं उंच देऊळ उभं आहे. तिथे तमिळ वळणाचा मराठी अभंग कानावर पडला तेव्हा शब्द ओळखायला मला क्षणभर वेळ लागला. पण टाळ ओळखीचे होते. दोन टाळांची पट्टी किंचित वेगळी असते, आणि ती असावीच लागते. दोघांच्या मधला तो कंप म्हणजेच टाळाचा आवाज.

पुढचा महामहम २०२८ मध्ये आहे, नाशिकच्या येत्या सिंहस्थामागोमाग. सूर्य कुंभेत, म्हणून समोरच्या सिंहेतला पूर्ण चंद्र आणि गुरू दोघेही मावळतीच्या वेळी पूर्वेला वर येतील. २०१६ मध्ये ज्यांनी तलावाच्या पायरीवरून हे पाहिलं, त्यांना गुरू त्याच जागी दिसेल. पण तो जरासा पुढे असेल.  पलीकडे देवळाच्या दारात तविलवर थाप पडेल, नादस्वरमवाला पत्ती ओली करेल, आणि कोणीतरी पेटीची कळ दाबण्याआधी खाली वाकून स्वर जुळतो का ते ऐकेल.